घरामागे रांगडी बाग करायची आहे, आखणी कुठून सुरू करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

घरामागची १२ बाय २० फुटांची जागा बरीच वर्षं नुसती पडून आहे. तिथे रांगडी, म्हणजे हल्ली जिला रस्टिक म्हणतात तशी बाग करायचं मनात आहे. गुळगुळीत फरशी, कातरलेली हिरवळ, एका मापाच्या पांढऱ्या कुंड्या असलं काही नको. जुनी वीट, दगड, लाकूड, थोडं गंजलेलं लोखंड आणि त्यातून मनमोकळी वाढलेली झाडं हवीत.

पश्चिमेला उंच भिंत आहे, त्यामुळे सकाळी चारेक तास ऊन आणि दुपारनंतर सावली. माती चिकट आहे. पाऊस झाला की एका कोपऱ्यात दोन दोन दिवस पाणी साचून राहतं. हाताशी आहेत त्या वस्तू: पाडलेल्या भिंतीच्या सुमारे ३०० विटा, एक जुनं दार, आजीचं दगडी जातं, पत्र्याचा मोठा टब आणि पाचसहा लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी). थोडे ओबडधोबड दगडही मिळतील.

दोनदा कागदावर आखून पाहिलं, दोन्ही वेळा चौकोनात चौकोनच आले. मग सगळ्या वस्तू जागेवर मांडून पाहिल्या. बाग दिसेना, घर बदलताना सामान बाहेर काढून ठेवलंय असं दिसायला लागलं. म्हणून माझा खरा प्रश्न हा आहे की रांगडी बाग आणि अडगळ यांच्यात फरक कशाने पडतो?

गवतपाते

रानजाईताई, फार नेमका प्रश्न विचारलात. मी गेली अनेक वर्षं बागकाम करतो आणि माझं उत्तर एकच आहे: वस्तूला काम द्या. जी वस्तू बागेत काहीतरी करते, ती तिथलीच वाटते. जी नुसती शोभेला ठेवली, ती चार दिवसांनी अडगळ होते. तुमचं जातं चौथऱ्यावर ठेवून त्यात कुंडी बसवलीत तर ते ठेवलेलं दिसेल. तेच नळाखाली जमिनीत अर्धं गाडून बसवा. त्यावर पाणी पडेल, माती उडणार नाही, वर्षभरात कडेने शेवाळ धरेल. मग कुणी विचारणारही नाही की हे इथे का आहे.

हे झालं वस्तूंचं. आखणीची सुरुवात मात्र वस्तूंपासून करू नका. कागद बाजूला ठेवा आणि दोन आठवडे त्या जागेत नुसत्या ये-जा करा. मागच्या दारातून निघालात की पाय आपसूक कुठे वळतात? नळाकडे, कपडे वाळत घालायच्या दोरीकडे, की सावलीच्या भिंतीकडे? पायांनी जी रेघ पडते तीच तुमची वाट. रांगड्या बागेत वाट कधीच मुद्दाम नागमोडी करू नये. वळायचं कारण असेल तिथेच ती वळावी. कारण नसेल आणि वळण हवंच असेल, तर वळणावर एखादं झाड किंवा मोठा दगड ठेवा, म्हणजे वाट त्याला बगल देऊन गेली असं वाटतं.

दुसरं पाणी. दोन बादल्या दाराजवळ ओता आणि ते कुठे जातं ते बघा. घरापासून लांब जाणारा उतार हवाच, ५० ला १ पुरतो. म्हणजे तुमच्या २० फुटांत साधारण ५ इंच. हे आधी केलं नाही तर पुढचं सगळं वाहून जाईल किंवा कुजेल.

चिऊचं_घर

वाचतेय. माझ्याकडेही अशीच जागा आहे, फक्त निम्मी.

मधुमालती

गवतपाते काकांना पूर्ण अनुमोदन. मी झाडांच्या बाजूने थोडं लिहिते.

ही आपोआप उगवल्यासारखी दिसणारी बाग फार विचार करून केलेली असते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गालिच्यासारखे वाफे काढायची पद्धत होती. हंगामी रोपं आणायची, नक्षी काढायची, हंगाम संपला की उपटून टाकायची. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० पासून त्याविरुद्ध हिरिरीने लिहिलं. जी झाडं त्या जागेत स्वतःच्या बळावर टिकतील तीच लावा आणि त्यांना पसरू द्या, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्नेही गर्ट्रूड जीकल (१८४३ ते १९३२) मूळच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनी. त्यांनी झाडं ठिपक्यांसारखी न लावता लांबट, तिरक्या पट्ट्यांत लावली, एक पट्टा दुसऱ्यात हळूहळू मिसळत जाणारा, कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा.

तुमच्या चौकोनांवर माझ्या मते हाच उपाय आहे. वाफ्याच्या कडा चौकोनी राहू देत, लहान जागेत त्याच सोयीच्या पडतात. पण आतली लागवड तिरकी करा. एकेका जातीची पाच, सात रोपं एका पट्ट्यात, आणि तोच पट्टा वाटेच्या पलीकडे पुन्हा एकदा. वीस प्रकारची एकेक झाडं आणलीत तर बाग रोपवाटिकेसारखी दिसते. सहा-सात प्रकार पुरेत.

आणि कडा झाकल्या जातील अशी झाडं पुढे लावा. विटेच्या कडेवरून जरा ओघळणारं झाड असलं की आखलेली रेघ दिसत नाही.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल मी लिहितो, माझं रोजचं काम आहे ते. ताई, तुमच्या यादीत पॅलेट आणि जुनं दार आहे. दोन्ही चांगलं, पण आधी तपासायला हवं.

पॅलेटवर शिक्का असतो. गव्हाच्या कणसाचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि पुढे एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, ते बिनधास्त वापरा. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. तसलं बागेत आणू नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलकट डाग असतील तर तेही भाजीच्या वाफ्याजवळ नको, कारण त्यावरून काय सांडलं होतं हे कळायला मार्ग नाही.

जुन्या दारावर रंगाचे थर असतील तर ते कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. जुन्या तेलरंगांत शिसं असे. घासलं की त्याची भुकटी हवेत जाते, मातीत मिसळते आणि कायमची राहते. ओलं करून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, तोंडाला मास्क लावा. घरात लहान मुलं असतील तर खरवडूच नका, वरून पारदर्शक थर द्या.

कुणीतरी रेल्वेचे जुने स्लीपर सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. ते दिसतात सुंदर, पण लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या तेलात मुरवलेले असतात. उन्हात ते पाझरतं, कातडीला चटके बसतात, आणि त्यातली काही रसायनं कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघाने २००३ पासून घरगुती ग्राहकांना क्रिओसोट लावलेलं लाकूड विकणं बंद केलं ते याच कारणाने.

बाकी लाकूड कुजतं कशाने, तर ओल अडकल्याने. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी काम सुरू करते. म्हणून खांब थेट मातीत पुरू नका. खाली सपाट दगड, त्यावर खांब, आणि लोखंडी पट्टीने धरायचा. फळीचं कापलेलं टोक सर्वांत जास्त पाणी पितं, तेलाचा हात तिथे दोनदा मारा.

तेलाचं निघालं म्हणून हेही सांगतो. जवसाचं तेल लाकडाला उत्तम, रंग खुलतो आणि कुठेही रंगवल्यासारखं दिसत नाही. पण ते पुसलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चिंध्यांच्या गोळ्यात ती अडकली की चिंध्या आपोआप पेट घेतात. माझ्या डोळ्यांसमोर एका डब्यातून धूर निघालेला आहे, आजूबाजूला काडेपेटीसुद्धा नव्हती. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

रानजाई

बाप रे, चिंध्यांचं हे अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. पॅलेट बघून आले: चारांवर एचटी आहे, दोनांवर शिक्काच नाही. ते दोन बाजूला काढले.

काका, तुम्ही सांगितलं तसं पाणी ओतून पाहिलं. ते दारापासून निघून वायव्येच्या कोपऱ्यात जातं आणि तिथेच बसतं. पायांची रेघ म्हणाल तर दारातून नळाकडे आणि नळाकडून भिंतीच्या सावलीत. म्हणजे वाट एल आकाराची होतेय. वाटेला विटा पुरतील का? आणि सिमेंटमध्ये बसवायच्या की नुसत्या?

घरटं

सिमेंटमध्येच बसवा. माझ्याकडे नुसत्या बसवल्या होत्या, सहा महिन्यांत सगळ्या फटींतून गवत आलं आणि दर महिन्याला बसून उपटायची पाळी आली. वाटेला मजबूत काम हवंच.

दगडफूल

@घरटं, तुमचा त्रास समजतो, पण माझं मत नेमकं उलट आहे. गवत आलं ते फटीतल्या मातीमुळे. फटी मातीने भरल्या की बी रुजणारच. धुतलेल्या कचीने (दगडाच्या बारीक चुऱ्याने) किंवा जाड वाळूने ठासून भरल्या तर गवत खूप कमी येतं आणि आलंच तर दोन बोटांनी निघतं. दुसरी गोष्ट, जुनी वीट मऊ असते. तिला कडक सिमेंटमध्ये बांधलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतूनच पडते, आणि विटेचा चेहरा पापुद्रे निघून झडतो. जुन्या भिंती चुन्यात बांधत त्याचं एक कारण हेच. चुना विटेपेक्षा मऊ, झिजायचं तर तो झिजतो. आणि ताईंच्या जागेत पाणी साचतंय. तिथे जमीन सिमेंटने बंद करणं मला पटत नाही.

रानजाई, हिशोब असा. वाट अडीच फूट रुंद धरा. एका माणसाला हातात बादली घेऊन आरामात जाता येतं. दोघांनी शेजारी चालायचं तर चार फूट लागेल, तुमच्या जागेत ते डोईजड होईल. १८ फूट लांबी धरली तर ४५ चौरस फूट. आडवी वीट चौरस फुटाला साडेतीन-चार लागते, म्हणजे १६० ते १८०. दोन्ही कडांना वीट कुशीवर उभी करून लांबीत लावायची, त्याला पन्नासेक. तुटफूट धरूनही ३०० त बसतं.

त्याआधी प्रत्येक वीट तपासा. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर ती कच्ची, वाटेत घालू नका, दोन पावसांत तिची माती होईल. नखाने ओरखडा उठत असेल तरी बाद. शंका असेल तर चार विटा वजन करून २४ तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट फार पाणी पिते. जास्त भाजून काळी, वाकडी झालेली खंगर वीट मिळाली तर मात्र आनंदाने घ्या. दिसायला रांगडी आणि टिकायला दगडासारखी.

खालचं काम विटेपेक्षा महत्त्वाचं. सात-आठ इंच खणा. खडी किंवा मुरूम चार इंच, तोही दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने (दांड्याच्या जड ठोकळ्याने) ठोकायचा. त्यावर इंच-दीड इंच जाड वाळू, फळीने सपाट ओढून घ्यायची आणि मग तिच्यावर पाय द्यायचा नाही. कडेच्या उभ्या विटा आधी बसवा, नाहीतर मधल्या विटा बाहेर सरकतात. वाटेला मधून बाजूकडे थोडा उतार द्या, अडीच फुटांत अर्धा इंच पुरे. चिकट माती आहे म्हणून ठोकण्यात कुचराई करू नका.

गवतपाते

दगडफूलने लिहिलंय ते अक्षरशः पाळा ताई. वरून जितकं सैल दिसायला हवं, तितकं खालून घट्ट असावं लागतं.

निवांत_दुपार

मी बाल्कनीत असं करायचं म्हणतोय. दगड, वीट, मोठा लाकडी वाफा. कुणी केलंय का?

दगडफूल

@निवांत_दुपार, आधी वजन करा. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते. एक चौरस मीटर वाफ्यात फक्त १५ सेंटिमीटर माती घातलीत तरी ती २७० किलो झाली, त्यात वाफ्याचं लाकूड, झाड आणि तुम्ही स्वतः धरलेले नाहीत. दगड त्याहून जड. इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय वीटही चढवू नका. बाल्कनीत रांगडेपणा हलक्या वस्तूंतून आणा: बांबूची जाळी, वेताच्या टोपल्या, काथ्या, पातळ लाकूड. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण.

बांबू घेतलात तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला घ्या. बांबूत स्टार्च असतो, त्यावर भुंगा येतो आणि खाली पिवळसर पीठ पडायला लागतं. पीठ दिसलं की आतून पोखरलेला आहे असं समजा.

निवांत_दुपार

धन्यवाद, बरं झालं विचारलं. दगडाचा बेत रद्द.

रानजाई

टबाचं काय करू? त्यात पाणी ठेवून कमळ आणि मासे असं मनात होतं. भावाने तांब्याचं मोठं भांडंही देऊ केलंय, ते तर फारच देखणं आहे.

मधुमालती

तांब्याच्या भांड्यात मासे अजिबात नकोत हो. मी ही चूक केली आहे. पाच गप्पी सोडले होते, तिसऱ्या दिवशी सकाळी एकही जिवंत नव्हता. तांबं थोडंथोडं पाण्यात उतरतं आणि मासे, गोगलगायी यांना फार कमी प्रमाणातही ते विष असतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण आधी एकदा विचारलं असतं तरी ते वाचले असते. तांब्याच्या भांड्याला काहीही लावू नका, घासू नका. ते आधी तपकिरी आणि मग हिरवट होईल, त्या रंगाची सर कशालाच नाही. त्यात पक्ष्यांसाठीही पाणी नको, कोरडंच राहू दे. मातीच्या कुंडीवर आवरण म्हणून वापरा.

पत्र्याच्या टबात झाडं लावा. तळाला अर्ध्या इंचाची आठ-दहा भोकं पाडा आणि टब दोन विटांवर उचलून ठेवा, नाहीतर भोकं असूनही पाणी निघत नाही. तळाला खापऱ्या किंवा खडी घालायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या खालच्या थरात धरून राहतं. म्हणजे खडीने फक्त मुळांची जागा कमी होते. भोकावर एक जाळीचा तुकडा, बस.

पाणी हवंच असेल तर मातीचं पसरट भांडं ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, महिनोन् महिने कोरडी राहूनही पाणी लागलं की फुटतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता झाडं. तुमचा ओला वायव्य कोपरा भरून काढायच्या भानगडीत पडू नका. कर्दळ लावा. तिला पाय ओले लागतात, पानं मोठी आहेत, आणि ती त्या कोपऱ्याचं पाणी पिऊन टाकेल. तिच्या पुढे भिंतीच्या सावलीत नेचे. सकाळच्या उन्हात गुलबक्षी, तेरडा, झेंडू, कॉसमॉस. वाटेच्या कडेला रेन लिलीचे कंद, एरवी ते गवतासारखे दिसतात आणि चांगला पाऊस पडून गेला की तीनचार दिवसांत एकदम फुलतात. जाळीवर गोकर्ण. लॅव्हेंडर सगळ्या चित्रांत असते म्हणून आणाल, तर चिकट मातीत ती कुजेल. हवीच असेल तर वाळू मिसळलेल्या मातीत, कुंडीत.

यातली बरीच झाडं स्वतःचं बी स्वतः टाकतात, रांगड्या बागेचा जीव त्यातच आहे. तेरड्याची पिकलेली शेंग कधी बोटांत धरून पाहा. हिरवी, फुगलेली, जरा लवदार. हलकंसं दाबलं की ती स्प्रिंगसारखी उलटी वळते आणि तपकिरी बी चारी दिशांना उडतं. पुढच्या वर्षी ते विटांच्या फटीत, दगडाच्या खोबणीत, जिथे तुम्ही कधी लावलं नसतं तिथे उगवतं. तुमचं काम फक्त नको तिथलं उपटायचं. गुलबक्षीचं काळं सुरकुतलेलं बी आणि तिचा कंद मात्र पोटात गेले तर विषारी, मुलांना सांगून ठेवा. आणि घाणेरी कितीही सुंदर दिसली तरी लावू नका, पक्षी तिचं बी दूर नेतात आणि ती रानं व्यापते.

चिऊचं_घर

शेवाळ लवकर यावं म्हणून दगडांना ताक लावतात म्हणे. खरंच येतं का?

गवतपाते

मी ताकाचा हात दिलेले आणि न दिलेले दगड शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर शेवाळ आलं, सावली आणि रोजच्या पाण्याच्या फवाऱ्यामुळे. ताक लावलेल्यावर आधी काळी बुरशी आली, मुंग्या आल्या. खडबडीत दगड किंवा भाजलेली मातीची कुंडी घ्या, सावलीत ठेवा, ओली ठेवा. गुळगुळीत दगडावर शेवाळ धरायला फार वर्षं घेतं. चालायच्या वाटेवर मात्र शेवाळ वाढू देऊ नका, पाय घसरतो. ताठ झाडूने घासलं की निघतं.

घरटं

दगडफूल, फटीत कच भरून पाहतो मीपण. ओल्या कोपऱ्याजवळ दगडी भिंत घालायची असेल तर तीही बिनसिमेंटची चालते का?

दगडफूल

दोन फुटांपर्यंत जरूर. कोरडी रचाई म्हणतात तिला. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी ठेवा. पहिला थर जमिनीत गाडायचा आणि सगळ्यांत मोठे दगड तिथेच. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा कधीच येऊ द्यायचा नाही. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी, दर्शनी भागात लांब दिसतो म्हणून आडवा लावायचा मोह होतो, तो टाळा. भिंत मागे मातीकडे झुकती ठेवा, दोन फुटांना चार इंच. मागे खडी भरा म्हणजे पाणी अडून भिंतीला ढकलणार नाही. दगड डुगडुगला तर पाचर मागून मारायची, पुढून नाही. पुढून मारलेली पाचर वर्षभरात निसटून पडते.

दोन फुटांच्या वर जायचं असेल तर जाणकाराला बोलवा.

आणि एक, दगड निवडताना घाई नको. मी हातात घेतलेला दगड परत खाली ठेवत नाही, त्याची जागा मिळेपर्यंत फिरवत राहतो. बहुतेक वेळा मिळते.

सुतारपक्षी

दिव्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पांढरा प्रकाश सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. २७०० केल्विन किंवा त्याहून कमी असलेले पिवळट दिवे घ्या, खाली तोंड करून, मोजके. किडेही कमी येतात.

रानजाई

मंडळी, पाच महिन्यांनी परत येतेय. वाट झाली, दोन्ही वाफे झाले, पॅलेटची जाळी उभी आहे आणि दार रंगासकट भिंतीला टेकवून त्यावर गोकर्ण चढवलाय. दाराला काम काय द्यावं कळत नव्हतं, पण वेलीला आधार हे काम त्याला चांगलं जमलं.

विटांपैकी ७० बद्द वाजल्या. त्या फोडून खालच्या थरात वापरल्या, त्यामुळे खडी कमी लागली.

चूक एका ठिकाणी झाली. नळापाशी शेवटचे चार फूट संध्याकाळ झाली म्हणून एकाच थरात भरले आणि घाईने ठोकले. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथे बरोबर पावलाएवढा खड्डा पडला, नऊ विटा खचल्या. सिमेंट असतं तर फोडायला लागलं असतं. इथे नऊ विटा हाताने उचलल्या, खाली मुरूम भरला, दोन थरांत ठोकला, वाळू ओढली आणि विटा परत ठेवल्या. दीड तासाचं काम.

कोपऱ्यातली कर्दळ माझ्या खांद्याला आली आहे. आता पाऊस थांबल्यावर पाणी अर्ध्या दिवसात ओसरतं. जातं नळाखाली बसवलं. मधल्या खुंट्याच्या भोकात पाणी साचत होतं, तिथे डास होतील म्हणून काकांना निरोपातून विचारलं, त्यांनी वाळू ठासून भरायला सांगितली. भरली. काल सकाळी पाणी घालायला गेले तर त्या भोकातल्या वाळूतून दोन पानांचं रोप वर आलेलं. पानं कातरलेली आहेत, देठ जरा गुलाबी. मधुमालतीताई, तेरडाच असेल ना?

मधुमालती

देठ गुलाबी आणि पानाची कड करवतीसारखी असेल तर तेरडाच. पण जात्यात तो कसा पोचला? तुमचा वाफा नळापासून किती लांब आहे?

रानजाई

पाच फूट असेल.

मधुमालती

मग उडालाच असेल तिथून. राहू द्या. त्याच्यावर थेट धार पडणार नाही एवढा नळ थोडा वळवून घ्या.